टोकन नंबर ४१७ कुणाचा? सोलापुरात बसून पाच देशांतल्या कर्मचाऱ्यांची माहिती सांभाळताना

आमच्या टॉवेल विभागात ४१७ हा टोकन नंबर तीन माणसांचा होता. एकाच वेळी नव्हे. एक जण सोडून गेला की टाइम ऑफिसमधला कारकून त्याचा बिल्ला ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि पुढच्या भरतीला नव्या माणसाच्या हातात ठेवायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या त्या शेडमध्ये यामुळे कधी कुणाचं अडलं नाही. अडलं ते कंपनी परदेशी समूहात गेली आणि आमची माहिती जर्मनीतल्या मुख्यालयाच्या सिस्टीममध्ये चढवायची वेळ आली तेव्हा. सिस्टीमने तिघांचा एक माणूस केला. वय ३६, सलग नोकरी २८ वर्षं. म्हणजे गडी आठव्या वर्षीच मागावर उभा! बालकामगार होता का, अशी विचारणा मुख्यालयातून दुसऱ्याच दिवशी आली.

त्या ईमेलला उत्तर देण्यात माझे चार दिवस गेले. तेव्हापासून कर्मचाऱ्यांच्या माहितीचं हे काम कसं करायचं याचा क्रम माझ्यापुरता ठरला आहे: आधी माणूस, मग तारीख, मग प्रत्येक रकान्याचा मालक, आणि सॉफ्टवेअर त्यानंतर. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं. सॉफ्टवेअरची ऑर्डर जाते, डेमोच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवतात, आणि जुन्या एक्सेलमधली घाण नव्या भांड्यात ओतली जाते. सोलापुरातल्या निर्यातदार कारखान्यात एचआर बघणारे आणि जुळे सोलापुरातल्या घरातून परदेशी कंपनीचं पगारपत्रक करणारे, अशा दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहिते आहे.

पायरी १: आधी माणसं मोजा

"आपल्याकडे माणसं किती?" हा प्रश्न एकाच दिवशी टाइम ऑफिसला, पगार विभागाला, पीएफचं चलन भरणाऱ्याला आणि कॅन्टीनवाल्याला विचारा. चार आकडे मिळतील. कॅन्टीनवाल्याचा सगळ्यांत मोठा असेल, कारण तो ठेकेदाराची माणसं, अप्रेंटिस, सिक्युरिटी सगळ्यांनाच जेवू घालतो. यातला एकही आकडा खोटा नाही, पण मुख्यालय 'हेडकाउंट' म्हणतं तेव्हा त्याला यातला कोणता हवा असतो हे लेखी ठरलेलं नसतं. शिवाय तिकडे आठवड्याला वीस तास काम करणारी बाई एका हिशेबात एक आणि दुसऱ्या हिशेबात अर्धी मोजतात. आपल्या कारखान्यात 'अर्धा कामगार' ही कल्पनाच नाही. म्हणून सुरुवातीला एक पानभर व्याख्या लिहा: कायम, प्रोबेशन, मुदतीचा करार, अप्रेंटिस, ठेकेदारामार्फत. कोण मोजायचा, कोण नाही. त्यावर पगार विभाग आणि मुख्यालय दोघांच्या सह्या घ्या.

मग प्रत्येकाला नवा कर्मचारी क्रमांक द्या. या क्रमांकात विभाग, गाव, वर्ष असलं काही गुंफू नका. माणूस चिंचोळीहून अक्कलकोट रोडला बदलून आला की अर्थवाला नंबर खोटा पडतो. क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. सोडून गेलेला परत आला तर त्याला त्याचाच जुना द्यायचा. आधार क्रमांकाला कर्मचारी क्रमांक करायचं तर मनातही आणू नका. टोकन नंबर टाकून देऊ नका, कामगार स्वतःला त्याच नंबराने ओळखतो. तो वेगळ्या रकान्यात ठेवा, कधीपासून कधीपर्यंत या तारखांसह. तीन माणसांचा ४१७ मग तीन ओळींत सरळ बसतो.

एकच माणूस दोनदा आलाय का हे शोधायला भारतात सगळ्यांत कामाचा म्हणजे यूएएन. २०१४ पासून आलेला हा पीएफचा १२ अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी बदलत नाही. निदान बदलू नये. मागच्या कंपनीतला सांगायचं विसरल्याने दोन-दोन यूएएन घेऊन फिरणारे मला दर भरतीत भेटतात.

आता नावं. इथे सोलापूरकरांनी जरा बसून घ्यावं, कारण हा आपला खास प्रांत आहे. आपल्या एका शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसं शेजारी-शेजारी उभी असतात, आणि प्रत्येकाची नाव लिहायची रीत वेगळी. तेलुगू पद्मशाली घरातला माणूस आडनाव आधी सांगतो. समजा, 'कोंडा व्यंकटेश नरसय्या'. जागतिक सिस्टीम शेवटचा शब्द आडनाव धरते. झालं, वडिलांचं नाव आडनाव बनलं आणि पगाराच्या स्लिपवर 'मिस्टर नरसय्या' उमटलं. त्यात नरसय्याचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर दोन वायचं, बँकेत एका वायचं आणि शाळेच्या दाखल्यावर आय-ए-एच असं.

यावर एक झटपट चाचणी आहे. वैयक्तिक पॅनमध्ये चौथं अक्षर 'पी' असतं आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. एक्सेलमध्ये पॅनचं पाचवं अक्षर काढा, आडनावाच्या रकान्यातल्या पहिल्या अक्षराशी ताडून बघा आणि न जुळणारे वेगळे करा. व्यंकटेशच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर 'के' आहे आणि रकान्यात 'एन', म्हणजे नाव उलटं पडलंय. न जुळणारं प्रत्येक नाव चूक मात्र समजू नका. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन क्रमांक तोच राहतो, त्यामुळे कितीतरी बायकांचं पाचवं अक्षर माहेरचं असतं. आमच्या पहिल्या यादीत तर अशा बायकाच जास्त निघाल्या.

म्हणून नावाला एक रकाना पुरत नाही. कागदपत्रावर आहे तसं पूर्ण नाव एकात, त्याचे तुकडे वेगळे, हाक मारायचं नाव वेगळं, आणि देवनागरीतलं नाव आणखी वेगळं. जुनं नाव पुसायचं नाही, त्याला शेवटची तारीख लावायची. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर मधलं नाव बदलतं, कधी पहिलंही. हे मी जर्मनीतल्या सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा तो काही क्षण गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग माणूस तोच आहे हे तुम्ही ओळखता कसे?" नंबराने, बाबा. त्यासाठीच तर नंबर.

पायरी २: तारखांचा बंदोबस्त

१ जून हा अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी टाकली ती तारीख. त्यामुळे 'नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच' हा सॉफ्टवेअरवाल्यांचा आवडता नियम सोलापुरात पार आपटतो. आमच्याकडे एकाच नावाचे, १ जूनला जन्मलेले दोघं खरोखरच निघाले, एक वाइंडिंगला, एक पॅकिंगला. जुळणीच्या नियमात वडिलांचं नाव आणि यूएएन घातल्याशिवाय 'एकत्र करा' हे बटण कुणाला दाबू देऊ नका. काहींच्या आधारवर तर फक्त जन्मवर्षच असतं.

याहून घातक म्हणजे ०१/०६. आपल्याकडे हा १ जून, अमेरिकेतल्या संगणकावर ६ जानेवारी. दोन्ही तारखा खऱ्या असू शकतात, म्हणून सिस्टीम चूं करत नाही. १२ तारखेनंतर जन्मलेल्यांची फाइल निदान अडकते आणि चूक कळते. १ ते १२ वाले गुपचूप उलटतात. मग पीएफच्या दाव्यात जन्मतारीख जुळत नाही आणि माणूस निवृत्तीच्या तोंडावर तुमच्या टेबलापुढे येऊन उभा राहतो. उपाय सोपा आहे: फाइलमध्ये तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, १९८७-०६-०१ अशी. हाच आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम आहे. कॉफी-टेबलावर हा विषय निघाला की सगळे हो म्हणतात आणि पुढची फाइल पुन्हा ०१/०६ घालूनच पाठवतात, म्हणून दुसऱ्या क्रमाची फाइल सिस्टीमने घ्यायचीच नाही अशी सोय करा.

आता लागू तारीख. पगारवाढ १ एप्रिलपासून, पण पत्र निघालं जूनमध्ये. ही नोंद करताना जुना पगार खोडून नवा लिहिला तर एप्रिल-मेचा फरक कशावरून काढला हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही. चांगल्या सिस्टीममध्ये प्रत्येक ओळीला दोन तारखा असतात: कधीपासून लागू, आणि नोंद केव्हा झाली, कुणी केली. जुनी ओळ ३१ मार्चला बंद होते, नवी १ एप्रिलला उघडते. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये चालू ओळीची शेवटची तारीख ३१-१२-९९९९ दिसते. ती पाहून घाबरू नका, 'पुढे बदल होईपर्यंत' एवढाच तिचा अर्थ.

तिसरी पाळी हा वेगळाच त्रास. रात्री सुरू होऊन सकाळी संपणारी हजेरी कोणत्या तारखेची? पाळी सुरू झाली त्या तारखेची, असं लिहून ठेवा. युरोपातल्या कारखान्यात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे-मागे होतं, त्यामुळे आठ तासांची पाळी त्या रात्री सात किंवा नऊ तासांची असते. पोलंडच्या कामगारांना तासाभराचा पगार कमी का, या प्रश्नावर मी एक अख्खा ऑक्टोबर घालवलाय.

पायरी ३: प्रत्येक रकान्याला एक मालक

इथे एक कंटाळवाणी वही करावी लागते. प्रत्येक रकान्याचं नाव, त्याचा नेमका अर्थ, कुणी भरायचा, कोणत्या कागदावरून, कोण वापरतं, कोणत्या देशात लागतो. साठ-सत्तर रकाने होतात. एक उदाहरण घेऊ म्हणजे हे का करायचं ते कळेल: 'रुजू तारीख'. समूहात आला ती? या कंपनीत आला ती? प्रोबेशन संपून कायम झाला ती? की ग्रॅच्युइटीसाठी नोकरी मोजायला सुरुवात होते ती? कंपनी विकली-घेतली गेली की या चारही तारखा वेगळ्या होतात. मुख्यालयाच्या सिस्टीममध्ये आमच्या सगळ्यांची रुजू तारीख एकच पडली होती, कंपनी समूहात गेली तो दिवस. वीस वर्षं काम केलेल्या मुकादमाला पडद्यावर 'नवीन कर्मचारी, स्वागत आहे' असा संदेश आला. त्याने तो मला दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, आता परत प्रोबेशन लावता की काय ओ?" हसण्यावारी नेलं त्याने, पण ग्रॅच्युइटीचा हिशेब त्याच तारखेवरून निघाला असता.

मालक एकच असावा. बँक खातं एचआरने एका जागी बदलायचं, तिथून ते पगाराच्या सॉफ्टवेअरला जाईल. पगार विभागाने घाईत आपल्याकडेच दुरुस्ती केली की पुढच्या महिन्यात वरून येणारी जुनी नोंद तिला पुसून टाकते. पाणी एकाच दिशेने वाहू द्या.

पायरी ४: काय वर पाठवायचं, काय घरातच ठेवायचं

ही पायरी लोक वकिलावर सोडतात. सोडू नका, वकिलाला तुमचे रकाने माहीत नसतात.

एकच माहिती एका देशात सक्तीची आणि दुसऱ्यात निषिद्ध असते. जर्मनीत चर्च कर पगारातून कापतात, म्हणून तिथल्या पगारपत्रकात धर्माचा रकाना लागतो. अमेरिकेत शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला वंशनिहाय अहवाल सरकारला द्यावा लागतो. फ्रान्समध्ये तशी नोंद ठेवायला मुळातच बंदीसारखी स्थिती आहे. आपल्याकडच्या भरतीच्या फॉर्मवर जात आणि धर्म सवयीने विचारलेले असतात, आणि ओळखपत्रावर रक्तगट छापलेला असतो. आम्ही रक्तगटाचा रकाना वर पाठवला तेव्हा जर्मनीतून पहिला प्रश्न आला, "आरोग्याची माहिती कशासाठी गोळा करता?" इथे अपघात झाला तर उपयोगी पडते, हे उत्तर त्यांना पटलं, पण रकाना सोलापुरातच ठेवा म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. नियम असा करा: ज्याचा उपयोग फक्त स्थानिक पगाराला किंवा स्थानिक कायद्याला आहे तो रकाना त्या देशाबाहेर जाणार नाही. पीएफ, ईएसआय (कामगार विमा), व्यवसाय कर, आधार हे सगळं इथेच. वर जावं ते नाव, क्रमांक, पद, विभाग, वरिष्ठ, ठिकाण, रुजू तारीख आणि गरज असेल तर पगाराचा एकूण आकडा, चलनाच्या तीन अक्षरी संकेतासह.

कायद्याचं थोडक्यात. युरोपचा माहिती संरक्षण कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. दंड जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत किंवा २ कोटी युरोपर्यंत, जे जास्त असेल ते. सोलापुरातल्या कुणी जर्मन कर्मचाऱ्याची फाइल पडद्यावर नुसती उघडून बघितली तरी ती माहिती युरोपबाहेर गेली असं धरलं जातं, आणि त्यासाठी दोन कंपन्यांमध्ये युरोपीय आयोगाने ठरवून दिलेली करारकलमं लागतात. कर्मचाऱ्याची 'संमती' घेतली की काम झालं, असं तिकडे चालत नाही, कारण मालकाला नाही म्हणायची नोकराची टाप नसते हे कायदाही ओळखून आहे. शिवाय जर्मनीत कामगारांची निवडलेली परिषद असते. कामावर नजर ठेवता येईल अशी कोणतीही यंत्रणा तिच्याशी करार झाल्याशिवाय सुरू करता येत नाही. वेळापत्रकात यासाठी महिने धरा.

आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कुचराई झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नोकरीच्या कामासाठी लागणाऱ्या माहितीला या कायद्यात संमतीशिवाय वापरायची मुभा आहे, पण वाढदिवसाचा फोटो कंपनीच्या फेसबुकवर टाकायचा तर ती मुभा लागू नाही, विचारून घ्या. आणि जिथे संमती मागाल तिथली सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही त्या यादीत आहेत. मुख्यालयाने पाठवलेली बारा पानी इंग्रजी सूचना नोटीस बोर्डावर लावून हात झटकता येणार नाहीत.

पायरी ५: सॉफ्टवेअर

यावर सगळे सगळ्यांत जास्त बोलतात, मी दोनच ओळी बोलते. जगभराचा गाभा, म्हणजे वर जाणारी माहिती, एका सिस्टीममध्ये (सक्सेसफॅक्टर्स, वर्कडे, ओरॅकल, जे मुख्यालय घेईल ते) आणि पगार प्रत्येक देशाच्या स्थानिक सॉफ्टवेअरमध्ये, ही रचना मला सगळ्यांत टिकाऊ वाटते. डेमो बघताना त्यांचा नमुना कर्मचारी वापरू देऊ नका. तुमचा व्यंकटेश, लग्नात नाव बदललेली तुमची बाई आणि तुमची तिसरी पाळी घालून दाखवा म्हणावं.

पायरी ६: माहिती चढवणं

एकदम कधीच नाही. निदान दोनदा चाचणी सिस्टीममध्ये, पगाराचे आकडे आणि खाते क्रमांक बदलून, आणि मग खरी.

एक्सेलपासून सावध. आकड्यांमधले पहिले १५ अंकच ते नीट धरतं; पुढच्या अंकांचं शून्य करतं. सोळा अंकी बँक खातं साध्या रकान्यात टाकलं की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर केव्हाच उडालेली असतात. आमच्या पहिल्या चाचणीत एकाच बँकेच्या सगळ्या खात्यांच्या शेवटी ० दिसला म्हणून लक्षात आलं. तीच फाइल खऱ्या पगाराला गेली असती तर दहा तारखेला गेटवर "पगार पडला नाही की ओ" म्हणत रांग लागली असती. आकडे भरण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करा, आणि फाइल यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या धरणाऱ्या स्वरूपात जतन करा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते आणि जर्मन नावांतल्या टिंबवाल्या अक्षरांचाही चुराडा होतो.

चढवल्यावर तीन गोष्टी ताडा: माणसांची संख्या, मूळ पगाराची बेरीज, आणि तीस फाइली हाताने काढून प्रत्येक रकाना कागदाशी. फाइली निवडायचं काम एचआरने करू नये. टाइम ऑफिसच्या माणसाला डोळे मिटून काढायला सांगा. त्यानंतर दोन महिने जुना आणि नवा पगार समांतर चालवा. फरक एक रुपयाचा आला तरी कारण लिहा. आमच्याकडे फेब्रुवारीत शेकडो माणसांना शंभर रुपयांचा फरक दिसला. नव्या सिस्टीममध्ये व्यवसाय कर दर महिन्याला २०० असा बसवला होता. महाराष्ट्रात तो फेब्रुवारीत ३०० असतो.

पायरी ७: चाव्या कुणाकडे

कोण काय बघू शकतं हे माणसाच्या नावावर नव्हे, पदावर ठरवा. पद गेलं की चावी गेली. दर तिमाहीला यादी काढून सोडून गेलेल्यांची लॉगिनं शोधा. पहिल्या वेळी यादी लांब निघते, लाज वाटून घेऊ नका. "माझं बँक खातं बदललंय" असा ईमेल आला तर आधीपासून नोंद असलेल्या मोबाईलवर फोन करून खात्री करा, आणि बदल एकाने भरला तर मंजूर दुसऱ्याने करावा. सॅलरी स्लिपा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची पद्धत अजून कितीतरी ठिकाणी आहे. ती आजच बंद करा.

माहिती फुटलीच तर घड्याळं वेगवेगळी चालतात. सायबर घटना सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) ६ तासांत कळवायची असते, जीडीपीआरखाली संबंधित प्राधिकरणाला ७२ तासांत. रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, तो नंबर कागदावर लिहून भिंतीवर लावा, कारण त्या वेळी सिस्टीम बंद असू शकते.

पायरी ८: दर महिन्याचा रतीब

महिनाअखेर एक बेरीज करायची. मागच्या महिन्याचे ६४२, नवे १९, गेलेले २३, बदलून आलेले २, बदलून गेलेले १. उत्तर ६३९ यायला हवं, आणि गाभा, पगार, पीएफचं चलन आणि हजेरी यंत्र चौघांशी ते ताडायचं. ठेकेदाराची माणसं वेगळी. ६३८ आले तर तो एक माणूस सापडेपर्यंत घरी जायचं नाही. पुढच्या महिन्यात तो शोधायला तिप्पट वेळ लागतो.

आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर देशाचं नव्हे, गावाचं भरा. मुख्यालयाने आम्हाला 'भारत' नावाचं एकच कॅलेंडर दिलं होतं. जानेवारीच्या मध्यात त्यांच्या डॅशबोर्डवर सोलापूर लालभडक झालं, गैरहजेरी नेहमीच्या कितीतरी पट. विचारणा आली: साथीचा आजार आहे का? सिद्धरामेश्वरांची यात्रा होती, गड्डा (यात्रेची जत्रा) भरला होता. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाच्या दिवशी तेच पुन्हा झालं. आता मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या वर्षाच्या या दोन्ही तारखा सोलापूरच्या कॅलेंडरमध्ये भरते. जर्मनीचा सहकारी तारखांपुढे 'गड्डा' असं इंग्रजी अक्षरांत लिहून मंजुरी देतो, आणि दर वर्षी विचारतो की तिथे नेमकं खायला काय मिळतं.